अळवावरचें पाणी आणि पिकावरची फवारणी

‘अळवावरचें पाणी’ हा वाक्प्रचार आपल्याकडे घरोघर आहे. जें टिकत नाहीं, ज्याचा भरंवसा धरतां येत नाहीं, त्यास आपण ही उपमा देतों. भगवद्गीतेच्या पांचव्या अध्यायांतहि पाण्यानें न भिजणाऱ्या कमळपत्राचा दृष्टांत आलेला आहे. संतांनीं व कवींनीं या थेंबापासून अलिप्ततेचा बोध घेतला, तो योग्यच आहे. परंतु शेतकऱ्यानें त्यापासून आणखी एक बोध घ्यावयास हवा, आणि तो रोकड्या पैशाचा आहे. जो थेंब अळवावरून घरंगळतो, तोच थेंब कांद्याच्या पातीवरून व कोबीच्या पानावरूनहि घरंगळतो. फरक इतकाच कीं, त्या वेळीं थेंबांत दुकानांतून विकत आणलेलें औषध मिसळलेलें असतें, आणि तें पानावर न राहतां सरींतील मातींत जातें.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांचें व कारखानदारांचें लक्ष वनस्पतींच्या या गुणाकडे वेधलें आहे. पानांचा नमुना पुढें ठेवून भिंतींचे रंग, कापडावरील लेप, जहाजांचीं आवरणें व धुकें पकडण्याचीं साधनें तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांस पाणी दूर सारणारा पृष्ठभाग हवा आहे. आपणांस बहुधा तशाच पृष्ठभागावर पाणी बसवावयाचें असतें. दोघांची गरज उलट, परंतु विद्या एकच. ती विद्या शेतकऱ्यानेंहि समजून घ्यावी, म्हणजे फवारणीचा खर्च, श्रम व विषाचा अपव्यय यांस आळा घालतां येईल, असें आम्हांस वाटतें.

थेंब गोल कां होतो ?

पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात. थेंबाच्या पोटांतील कणास चोहोंकडून सारखी ओढ असते. पृष्ठभागावरील कणास मात्र आंतल्या बाजूस अधिक ओढ असते. त्यामुळें थेंबाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो व शक्य तितका आखडून गोल होऊं पाहतो. यास पृष्ठताण म्हणतात. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस दर मीटरास सुमारें ७२ मिलिन्यूटन भरतो. पाण्यांत साबण मिसळला म्हणजे तो निम्म्याहून कमी होतो. साबणाचें पाणी कापडांत लवकर शिरतें याचें एक कारण हेंच होय.

थेंब पानावर टेकला म्हणजे दोन ओढींचा झगडा सुरू होतो. थेंब स्वतःस आंवळून घेऊं पाहतो, व पान त्यास आपल्या अंगावर पसरवूं पाहतें. या झगड्यांत कोण जिंकलें तें थेंबाच्या कडेकडे पाहून कळतें. थेंबाची कड पृष्ठभागाशीं जो कोन करते त्यास स्पर्शकोन असें म्हणतात. इंग्लंडांतील टॉमस यंग या विद्वानानें १८०५ सालीं या कोनाचा विचार प्रथम मांडला. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग भिजणारा, अधिक असेल तर न भिजणारा समजावा.

आतां पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पानावर मेण आहे एवढ्यानेंच पाणी ठरत नाहीं. ही समजूत अर्धी खरी आहे. मेणाच्या सपाट वडीवर पाण्याचा थेंब ठेवला तर त्याचा कोन सुमारें ११० अंश भरतो, व वडी थोडी कलती केली तरी थेंब तेथेंच चिकटून राहतो. पृष्ठभाग सपाट असेल तर कोणताहि पदार्थ घेतला तरी हा कोन १२० अंशांच्या फारसा पुढें जात नाहीं. उलट कमळाच्या पानावर तो सुमारें १६० अंश असतो, व पान किंचित हाललें कीं थेंब निसटतो. हें अंतर मेणानें भरून निघत नाहीं. तें खरखरीतपणानें भरून निघतें.

या गोष्टीचा उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञांनीं नव्हे, तर कापडासारख्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्यांनीं प्रथम केला. अमेरिकेंतील वेन्झेल यानें १९३६ सालीं असें दाखविलें कीं, खरखरीतपणामुळें पृष्ठभागाचा मूळ स्वभाव बळावतो. भिजणारा पदार्थ अधिक भिजतो, न भिजणारा अधिकच कोरडा राहतो. पुढें १९४४ सालीं कॅसी व बॅक्स्टर यांनीं दुसरी पायरी गांठली. पृष्ठभागावरील उंचवट्यांमध्यें हवा अडकून राहिली तर थेंब उंचवट्यांच्या टोंकांवरच टेकतो व त्याचा बाकीचा भाग हवेवर तरंगत राहतो, असा त्यांचा सिद्धांत. ज्वारी कापलेल्या रानांत धसकटांवर ताडपत्री अंथरली तर ती मातीस टेकत नाहीं, धसकटांच्या टोंकांवर उचललेली राहते. थेंबाची स्थिति अगदीं तशीच असते.

कमळ व अळू

जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट हे १९७० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या वनस्पतींचीं पानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत असत. तपासणीपूर्वीं बहुतेक पानें धुऊन स्वच्छ करावीं लागत. परंतु कांहीं पानें मुळांतच स्वच्छ असत, व जीं अधिक खरखरीत तींच अधिक स्वच्छ, असें त्यांस आढळून आलें. खरखरीत जागीं धूळ अधिक बसावी हा आपला नेहमींचा अनुभव. येथें तो उलटा झाला. पुढें १९९७ सालीं त्यांनीं नाइनहुइस यांच्याबरोबर कमळाच्या पानाविषयींचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, व तेव्हांपासून या गुणास ‘कमळपरिणाम’ असें नांव पडलें.

कमळाच्या पानाचा वरचा पृष्ठभाग म्हणजे लहान लहान उंचवट्यांचें रान आहे. प्रत्येक उंचवटा सुमारें १० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटराच्या शंभराव्या भागाएवढा असतो. त्या उंचवट्यांवर पुन्हां मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांची दाट लव असते. असा दुहेरी खरखरीतपणा असल्यामुळें थेंबास पानाचा स्पर्श अत्यल्प होतो. धुळीचे कण व बुरशीचे बीजाणुहि या टोंकांवर सैल बसलेले असतात. थेंब त्यांवरून घरंगळतांना त्यांस स्वतःस चिकटवून घेऊन जातो. अळवाच्या पानाची रचनाहि याच जातीची आहे.

कमळास याची गरज कां पडावी, हेंहि पाहण्यासारखें आहे. बहुतेक झाडांच्या पानांत श्वासाचीं रंध्रें खालच्या बाजूस पुष्कळ असतात. पाण्यावर पसरलेल्या कमळपत्राची खालची बाजू पाण्याकडे असते, म्हणून त्याचीं रंध्रें वरच्या बाजूस आहेत. तीं पाण्यानें व चिखलानें बुजलीं तर पान गुदमरेल. तेव्हां कमळाचा कोरडेपणा ही शोभा नसून त्याच्या जीविताचें साधन आहे.

हा गुण पाहून घराच्या बाहेरील भिंतींसाठीं एक रंग जर्मनींत १९९९ सालीं बाजारांत आला. त्यावरून पावसाचें पाणी धुळीसह ओघळून जावें अशी योजना होती. बार्थलॉट यांस त्याच वर्षीं जर्मनीचें पर्यावरण पारितोषिकहि मिळालें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. थेंब गोल दिसला म्हणजे तो घरंगळेलच असें नाहीं. गुलाबाच्या पाकळीवरहि थेंब गोलच दिसतो, परंतु पाकळी उलटी धरली तरी तो पडत नाहीं. तेथील उंचवटे मोठे व विरळ असून पाणी त्यांच्या मधल्या खोलगट जागेंत कांहींसें उतरतें व धरलें जातें, असें चीनमधील संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. म्हणून पानाची परीक्षा करतांना थेंबाचा आकार व त्याची हालचाल हीं दोन्ही पाहावीं.

भाताचें पान

कमळ व अळू हीं आपल्या शेतींत लहान पिकें. भात तसें नाहीं. भाताच्या पानावरहि मेणाची लव व सूक्ष्म उंचवटे आहेत. परंतु ते पानाच्या लांबीस अनुसरून ओळींनीं मांडलेले आहेत. त्यामुळें थेंब पानाच्या लांबीच्या दिशेनें ३ ते ५ अंशांच्या उतारावर घरंगळतो, व आडव्या दिशेनें घरंगळावयास ९ ते १५ अंशांचा उतार लागतो, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळलें. पाण्यास कोणत्या दिशेनें जावयाचें तें पृष्ठभागानेंच ठरवावें, ही कल्पना पदार्थशास्त्रज्ञांनीं येथून उचलली.

परंतु भातशेतकऱ्यास याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अतिवृष्टीनें खाचर बुडालें व रोपें पाण्याखालीं गेलीं म्हणजे त्यांचीं पानें चांदीसारखीं चमकतात. ती चमक म्हणजे पानावर अडकून राहिलेल्या हवेची पातळ चादर होय. बुडालेलें पान या चादरीमधून पाण्यांतील प्राणवायु व कर्बवायु यांची देवघेव करूं शकतें. पेडरसन व कोल्मर या संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही चादर मुद्दाम घालविली असतां बुडालेल्या भाताची वाढ व श्वसन दोन्ही खालावलीं. पुढें २०१८ सालीं जपानी व इतर संशोधकांनीं पानावरील मेणाशीं संबंध असलेलें एक जनुकहि शोधून काढलें. त्यांत बिघाड झालेल्या भाताचीं पानें सहज भिजतात व तीं पाण्याखालीं हवा धरूं शकत नाहींत. बुडीचे दिवस वाढत गेले म्हणजे चांगल्या पानाची चादरहि हळूहळू नाहींशी होते. म्हणून बुडालेल्या खाचराचें पाणी शक्य तितक्या लवकर काढून देण्याची जी जुनी शिकवण आहे, तीस पानाच्या पृष्ठभागाकडूनहि आधार मिळतो.

हवा धरणारें शेवाळ व घसरविणारी घटपर्णी

हवा धरण्याच्या कामांत साल्व्हिनिया नांवाची तरंगती नेचावर्गीय वनस्पति भाताच्याहि पुढें आहे. ती मूळची ब्राझीलची. केरळांत तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, आणि तेथील कालवे व भातखाचरें तिनें इतकीं व्यापलीं होतीं कीं, १९८० नंतरच्या दशकांत तिच्यावर उपजीविका करणारा एक लहान सोंडकिडा बाहेरून आणून सोडावा लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीनें शत्रु असलेली ही वनस्पति पदार्थशास्त्रज्ञांस मात्र गुरुस्थानीं झाली आहे.

तिच्या पानावर ताक घुसळण्याच्या रवीच्या आकाराचे केस असतात. चार चार केसांचीं टोंकें एकमेकांस मिळालेलीं असतात. केसांचें अंग मेणानें मढलेलें, म्हणून पाणी आंत शिरत नाहीं. परंतु अगदीं टोंकावरील चार मृत पेशींवर मेण नाहीं. त्या पाण्यास घट्ट धरून ठेवतात. अशा रीतीनें हवेची चादर खालून मेणानें राखली जाते व वरून पाण्यास टांचलेली असते, त्यामुळें ती प्रवाहांतहि सहजासहजीं सुटत नाहीं. ही रचना बार्थलॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केली. जहाजाच्या तळावर अशीच हवेची चादर ठेवतां आली तर पाण्याचें घर्षण कमी होऊन इंधन वांचेल, या उद्देशानें युरोपांत २०१८ ते २०२२ पर्यंत एक मोठा संशोधनप्रकल्प चालविण्यांत आला.

याहून निराळा मार्ग घटपर्णीचा. भारतांत तिची एकच जात आढळते, ती मेघालयाच्या डोंगरांत. तिच्या पानाच्या टोंकास झांकणाचा घट असतो, व घटाच्या कांठावर बारीक पन्हळी असतात. हा कांठ पाण्यास दूर लोटीत नाहीं. उलट तो पाऊस, दंव व मधुरस यांनीं पूर्ण भिजतो. पन्हळींत धरलेल्या त्या पाण्याच्या थरावर किड्याचे पाय ठरत नाहींत व तो घटांत पडतो. शेवाळलेल्या घाटावर आपला पाय निसटतो तसाच हा प्रकार. घटपर्णीच्या कांठाचें हें कार्य २००४ सालीं बोन व फेडर्ले यांनीं दाखवून दिलें. यावरून हार्वर्ड विद्यापीठांत २०११ सालीं असा पदार्थ तयार झाला कीं, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेलासारखा द्रव भरून ठेवलेला असतो, आणि त्या द्रवाच्या थरावरून पाणी, तेल, रक्त, बर्फ सर्व घसरतात. कमळ हवेचा थर वापरतें, घटपर्णी द्रवाचा. हेतु मात्र दोन्हीकडे एकच, कीं येणाऱ्या पाहुण्याची गांठ घन पृष्ठभागाशीं पडूं नये.

वाळवंटांतील वनस्पतींची विद्या याच्या उलट आहे. त्यांस पाणी लोटावयाचें नसून ओढावयाचें असतें. मेक्सिकोकडील एका निवडुंगाचे कांटे टोंकाशीं बारीक व बुडाशीं जाड असतात, व त्यांवर उभ्या पन्हळी असतात. धुक्यांतील पाणी टोंकावर जमतें, व कांट्याच्या निमुळत्या आकारामुळें आणि पन्हळींमुळें थेंब आपोआप बुडाकडे सरकत जातो, असें चिनी संशोधकांनीं २०१२ सालीं सिद्ध केलें. धुक्यांतून पिण्याचें पाणी मिळविण्याच्या साधनांत या रचनेचें अनुकरण करण्याचे प्रयोग चालू आहेत.

नकलेच्या मर्यादा

हे सर्व पदार्थ पाहून कोणासहि आश्चर्य वाटेल. परंतु नक्कल व मूळ यांत एक मोठा भेद आहे. घांसल्यानें कमळपत्रावरील लव मोडते, तशीच कृत्रिम लेपावरीलहि मोडते. जिवंत पान नवें मेण बाहेर टाकून ती कांहीं अंशीं भरून काढूं शकतें. लेपास तें साधत नाहीं. शिवाय पान आपलें काम साध्या मेणानें भागवितें. कारखान्यांत मात्र पाणी व तेल दोन्ही दूर ठेवण्यासाठीं फ्लोरिनयुक्त रसायनांचा फार काळ उपयोग होत आला. हीं रसायनें माती व पाणी यांत वर्षानुवर्षें नाश न पावतां राहतात. यांपैकीं पीएफओएस हें २००९ सालीं व पीएफओए हें २०१९ सालीं स्टॉकहोम करारान्वयें निर्बंधित यादींत घालावें लागलें. पाणी दूर सारण्याची विद्या पानापासून घ्यावयाची, परंतु पानाचा निरुपद्रवीपणा घ्यावयाचा नाहीं, असें होऊं नये.

शेतकऱ्याचा प्रश्न

आतां आपल्या मूळ मुद्द्याकडे वळूं. समजा, एका एकरास १५ लिटरांचे १० पंप, म्हणजे १५० लिटर द्रावण फवारलें, व त्यांतील तिसरा हिस्सा पानांवरून उसळून वा ओघळून गेला, तर ५० लिटर द्रावण मातीस मिळालें. त्या औषधाची किंमत, पाठीवर वाहिलेलें ओझें, व पुढें पावसाबरोबर ओढ्याकडे जाणारें विष या तिन्हींचा हिशेब शेतकऱ्याच्याच नांवावर पडतो. किडीचा नायनाट झाला नाहीं म्हणून तो दुसरी फवारणी अधिक तीव्र करतो, व तोटा दुप्पट होतो. अशा वेळीं औषध बनावट निघालें असें वाटतें. कधीं तें खरेंहि असतें, पण कित्येकदां दोष औषधाचा नसून थेंब पानावर न ठरण्याचा असतो.

म्हणून आपल्या पिकाचें पान कोणत्या जातीचें आहे हें प्रथम ओळखावें. कांदा, लसूण, कोबी, फुलकोबी, अळू, भात व गहू यांचीं पानें मेणट असून पाणी झटकणारीं आहेत. त्यांतहि कांद्याची पात उभी व गोल, त्यामुळें थेंबास थांबावयास जागाच नाहीं. केळीच्या पानाच्या खालच्या बाजूस मेणाचा जाड थर असतो. उलट घेवड्यासारख्या पिकांचीं पानें तुलनेनें सहज भिजतात. एकाच झाडावर सुद्धां भेद असतो. कोवळ्या, नुकत्या उलगडलेल्या पानावर लव अखंड असते. जुन्या पानावर वारा, धूळ व घर्षण यांनीं ती झिजलेली असते. शेडनेटांत किंवा कांचगृहांत वाढविलेल्या रोपांवर मेण कमी असतें. म्हणून तीं उन्हावाऱ्यास संवय करून घेऊन मगच लावावींत व त्यांवर तीव्र फवारा देऊं नये.

न भिजणाऱ्या पानावर द्रावण बसविण्याची युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. कोंकणांत व गोमंतकांत सुपारीवरील कोळेरोगासाठीं बोर्डो मिश्रण फवारतांना त्यांत राळ व धुण्याचा सोडा शिजवून मिसळण्याची वहिवाट आहे. पावसाळ्यांत औषध घडांस चिकटून राहावें हा तिचा हेतु. केळीवरील करप्यासाठीं फवाऱ्यांत खनिज तेल घालतात. आज दुकानांत ‘स्टिकर’ व ‘स्प्रेडर’ या नांवांनीं मिळणारे पदार्थ याच कुळांतले आहेत. साधा प्रसरक पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० च्या आसपास आणतो. सिलिकॉनयुक्त प्रसरक तो २१ पर्यंत उतरवितो, व मेणट पानावरहि थेंब पातळ पसरतो.

संशोधक याहूनहि निराळे मार्ग शोधीत आहेत. थेंब पानावर आपटतांच पसरतो व लगेच आखडून उसळतो. त्या आखडण्यासच विरोध करावा, ही कल्पना. फ्रेंच संशोधकांनीं २००० सालीं असें दाखविलें कीं, पाण्यांत लांब साखळीचा बहुवारिक पदार्थ अत्यल्प प्रमाणांत मिसळला असतां थेंबाचें उसळणें थांबतें. अमेरिकेंतील एम. आय. टी. संस्थेंत प्राध्यापक कृपा वाराणसी व सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं दोन विरुद्ध विद्युद्भाराचीं द्रावणें एकाच वेळीं फवारून पाहिलीं. दोन थेंब पानावर भेटले कीं तेथें सूक्ष्म सांका तयार होतो व तो पुढील थेंबांस धरून ठेवतो. याच प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेनें त्यापूर्वीं बाटलींतील दाट पदार्थ तळास न चिकटतां घसरून यावा असें अस्तर तयार केलें होतें. घसरविण्याची विद्या ज्यास साधली, त्यासच धरून ठेवण्याचीहि साधली, ही गोष्ट बोधप्रद आहे.

फवारणीपूर्वीं करावयाची परीक्षा

यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. खालील परीक्षा कोणासहि बांधावर करतां येईल.

पहिली गोष्ट, रोपाच्या मधल्या भागांतील पान न चोळतां देठाशीं धरून खुडावें. बोट लागल्यानें लव पुसली जाते व परीक्षा फसते. अळवाच्या पानाचा एक कोपरा अंगठ्यानें चोळून त्यावर पाणी सोडून पाहावें, म्हणजे चोळलेली जागा भिजते व न चोळलेली कोरडी राहते, हें मुलांसहि दाखवितां येईल.

दुसरी गोष्ट, पान निम्म्या उतारावर धरून आपल्याच पंपानें त्यावर साधें पाणी फवारावें. थेंब मोत्यासारखे होऊन निसटले तर प्रसरकाची गरज आहे. पाणी आपण होऊन पसरलें तर नाहीं.

तिसरी गोष्ट, गरज असल्यास वेष्टनावर सांगितलेल्या मर्यादेंतील सर्वांत कमी मात्रेपासून आरंभ करावा. पानावर पातळ ओल बसावी, परंतु टोंकावरून ठिबकूं नये, ही योग्य मात्रेची खूण. मात्रा वाढविली तर द्रावण इतकें पातळ पसरतें कीं तें पुन्हां ओघळूं लागतें, म्हणजे एक दोष घालवून दुसरा ओढवून घेतल्यासारखें होतें. तेलकट रूपांत मिळणाऱ्या कित्येक औषधांत पसरविणारा पदार्थ मूळचाच मिसळलेला असतो. तेथें आणखी घालण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करावी.

चौथी गोष्ट, पानावर दंव असतांना फवारूं नये. दंवाची गंमत अशी कीं, तें लवेच्या मधल्या जागेंतच जमतें, म्हणून कमळाचें पानसुद्धां वाफ धरल्यास भिजतें, असें २००५ सालच्या प्रयोगांत दिसून आलें. दंवानें आधींच भरलेल्या पानावर औषधाचे थेंब पडले तर ते त्यांत मिसळून पातळ होतात व ओघळून जातात.

शेवटची गोष्ट, पानाचें मेण हें झाडाचें कवच आहे हें विसरूं नये. तें पाण्याचें बाष्पीभवन रोखतें व बीजाणूंस ठरूं देत नाहीं. तीव्र प्रसरक वारंवार मारल्यानें या कवचास इजा होते. द्राक्षाच्या मण्यावरील पांढुरकी झांक हेंहि मेणच होय. ती डागाळली तर बाजारांत मालाची किंमत उतरते. म्हणून मणी तयार होऊं लागल्यावर अशा पदार्थांचा वापर शक्य तितका टाळावा.

कारखानदारांनीं पानाची एकेक लव मोजून त्यापासून वस्तु घडविल्या. आपल्या शेतांत तींच पानें लाखोंनीं उभीं आहेत, व त्यांकडे नीट पाहावयास एक घटका पुरते. पंप पाठीवर घेण्यापूर्वीं ती घटका प्रत्येक शेतकऱ्यानें द्यावी, व आपल्या मुलांसहि ही परीक्षा शिकवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.